फरशीवर फरशी

घरात लग्न निघाले की भिंतींना रंग लागतो, आणि भिंती उजळल्या की नजर खाली जाते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हौसेने बसवलेली एक फुटी सिरॅमिक टाइल पिवळी पडलेली असते. सांधे काळे झालेले असतात आणि जिथे कधीतरी वरवंटा निसटून पडला होता, तिथला टवका आता डोळ्यांत खुपू लागतो. अमरावतीहून परतवाड्याकडे निघाले की लागणाऱ्या वलगावात, आणि एकूणच वऱ्हाडातल्या खेड्यांत, टाइलला सर्रास ‘स्टाइल’ म्हणतात. ही जुनी स्टाइल उखडायची तर आठवडाभर छिन्नी-हातोड्याचा दणदणाट आणि घरभर धूळ, शिवाय दारात राड्याचा ढीग. पाहुणे यायला महिना उरलेला. अशा वेळी मिस्त्री म्हणतो, “उखडता कायले? हिच्यावरच बसवून देऊ.”

मिस्त्रीचे म्हणणे चुकीचे नाही. जुन्या सिरॅमिक फरशीवर नवी फरशी बसवता येते, ती पुढे वर्षानुवर्षे टिकतेही. मात्र नवी फरशी जुनीच्या आधाराने उभी राहते. खालचा थर जेवढा पक्का, तेवढाच वरचा पक्का. त्यामुळे नवी टाइल कोणत्या रंगाची घ्यायची हा प्रश्न शेवटचा आहे. पहिला प्रश्न जुन्या फरशीला विचारायचा असतो. वऱ्हाडात तो अधिक बारकाईने विचारावा लागतो, कारण इथली जमीन वर्षभर एका जागी स्थिर राहत नाही.

थरावर थर ही जुनीच रीत

जमिनीवर जमीन चढवणे आपल्याला नवे नाही. मातीच्या घरात सण आला की शेण-मातीने सारवण होई. खालचा थर कोणी खरवडून काढत नसे. भेगा बुजवून, झाडून, पाणी शिंपडून त्यावर नवा हात फिरे. वर्षानुवर्षांच्या सारवणाने ओसरीची जमीन बोटाबोटाने वर येई. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी 1968 पासून उत्खनन केले, तेव्हा तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे आणि त्यांच्या चोपून केलेल्या जमिनी वस्तीच्या थरांमध्ये सापडल्या. आपल्याकडे गावठाणाला ‘पांढरी’ म्हणतात. तिची पांढुरकी माती म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या मातीच्या भिंती, जमिनी आणि चुलीची राख यांचाच साठलेला थर.

सारवणात एक शहाणपण होते. नवा थर खालच्याच जातीचा असे. ओल्या मातीवर ओली माती जाई, दोन्ही एकमेकींत मिसळत आणि एकत्रच वाळत. पुढे शहाबादी फरशी आली, कर्नाटकातल्या कलबुर्गी भागातून निघणारा थरांचा चुनखडी दगड. स्वयंपाकघराच्या ओट्यावर काळा कडप्पा आला. शहरांत सिमेंटच्या रंगीत आणि मोझॅक फरश्या आल्या. स्वदेशीच्या ध्यासातून सिधवा कुटुंबाने 1922 मध्ये सुरू केलेल्या भारत टाइल्सचे नमुने मुंबईच्या जुन्या इमारतींत आजही पायाखाली आहेत. या सगळ्या फरश्या थोड्याफार पाणी पिणाऱ्या होत्या, म्हणून सिमेंट किंवा चुना त्यांना धरून ठेवी.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत गुजरातच्या मोरबीहून ट्रकच्या ट्रक भरून टाइल येऊ लागल्या आणि इथे चित्र बदलले. सिरॅमिक टाइलच्या अंगावर काचेचा मुलामा असतो. तो ओल, तेल, हळद काहीच आत जाऊ देत नाही, म्हणून तर आपण ती घेतली. पण फरशीवर फरशी बसवताना हाच गुण अडचण होतो. जी वस्तू डाग शोषत नाही, ती सिमेंटही शोषत नाही.

पायाखालची काळी माती

वलगाव पेढी नदीकाठचे गाव. पेढी पुढे पूर्णेला मिळते आणि पूर्णेचे हे सगळे खोरे काळ्या कापसाच्या मातीचे आहे. या मातीत स्मेक्टाइट जातीची चिकणमाती भरपूर असते. तिचे कण एकावर एक रचलेल्या पापुद्र्यांसारखे असतात आणि पाणी त्या पापुद्र्यांच्या मध्ये शिरते. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या पहिल्या दोन-तीन चांगल्या पावसांत मिटतात. पिकाला हे मानवते. घराला मानवत नाही.

घराखालची माती छपराने झाकलेली असल्यामुळे तिथे बदल कमी होतो. भिंतीच्या कडेला मात्र तो होतोच. बाहेरची बाजू भिजते, आतली कोरडी राहते आणि घराच्या कडा किंचित उचलल्या जातात किंवा खचतात. जोत्याच्या भरावात मुरूम घालण्याऐवजी पाया खोदताना निघालेली काळी मातीच परत टाकली असेल, तर फरशीच्या पोटातही हीच उठबस चालू राहते. अशा जमिनीसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी फुगीर असलेल्या खांबांच्या पायाची पद्धत विकसित केली आणि ती देशभर वापरली गेली. गावातली बहुतेक जुनी घरे मात्र साध्या दगडी किंवा विटांच्या पायावर उभी आहेत. तिथे फरशीला गेलेला तडा घराच्या पायाची कहाणी सांगत असतो.

वलगावहून पश्चिमेकडे भातकुली, दर्यापूरच्या दिशेने गेले की खारपाणपट्टा लागतो. तिथल्या जमिनीत आणि भूगर्भातल्या पाण्यात क्षार आहेत. जमिनीतली ओल सांध्यांतून वर येते, उडून जाते आणि पांढरी पूड मागे ठेवते. भिंतीच्या तळाशी किंवा फरशीच्या सांध्यांत असा लोणा दिसत असेल, तर खालून पाणी वर येत आहे असे समजावे. त्यावर नवी टाइल झाकण म्हणून बसवली तर ओल थांबत नाही. ती दुसरी वाट काढते, बहुतेक वेळा भिंतीतून.

जुन्या फरशीची नाडी

फरशी तपासायला यंत्र लागत नाही. एखादे नाणे किंवा हातोडीचा लाकडी दांडा घ्यावा. दुपारी घर शांत असताना एका कोपऱ्यापासून सुरुवात करावी आणि प्रत्येक टाइल चारही कोपऱ्यांवर व मध्यभागी ठोकावी. घट्ट बसलेली टाइल टणक, बारीक आवाज देते. सुटलेली टाइल बद्द वाजते, रिकाम्या डब्यासारखी. तिच्यावर खडूने फुली मारावी. दहा बाय बाराच्या खोलीत एक फुटी टाइल सव्वाशेच्या आत असतात. अर्ध्या-पाऊण तासात सगळी खोली वाजवून होते.

मग उभे राहून फुल्यांचा नकाशा पाहावा. फुल्या इकडेतिकडे विखुरलेल्या आणि मोजक्या असतील तर तेवढ्याच टाइल काढून खड्डे मॉर्टरने भरून काम पुढे नेता येते. दहातली एखादी टाइल पोकळ असेपर्यंत हे परवडते. त्याहून जास्त असतील, किंवा फुल्यांचा एकच मोठा पट्टा उमटला असेल, तर जुनी फरशी उखडलेलीच बरी. पोकळ फरशीवर बसवलेली फरशी पहिल्या दिवसापासून पोकळच असते, मग वरची टाइल कितीही महागाची घ्या.

तडे असतील तर ते कसे धावतात ते पाहावे. एकाच टाइलचा तुकडा पडला असेल तर काहीतरी जड पडल्याची ती खूण असते. तडा एका टाइलमधून दुसरीत, तिसरीत सरळ धावत भिंतीपर्यंत जात असेल, तर तो खालच्या काँक्रीटचा किंवा भरावाचा तडा आहे. तो अजून हलतो आहे की थांबला, हे ओळखायची जुनी आणि खात्रीची युक्ती म्हणजे काचपट्टी. तड्यावर आडवी, पातळ काचेची पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने किंवा इपॉक्सीने पक्की चिकटवावी आणि शेजारी तारीख लिहावी. तडा हलला की काच तुटते. वऱ्हाडात ही पट्टी मे महिन्यात लावून दिवाळीला पाहावी, कारण काळ्या मातीचा सगळा खेळ उन्हाळा आणि पावसाळा यांच्या दरम्यान होतो. काच शाबूत असेल तर घर स्थिरावले आहे. तुटली असेल तर फरशीचे पैसे आधी घराभोवतीचे पाणी दूर नेण्यावर खर्च करावेत. पागोळ्या जोत्याशी पडत असतील तर पन्हाळ लावावी, भिंतीलगत बाहेर उतार असलेला काँक्रीटचा पट्टा घालावा आणि न्हाणीचे सांडपाणी पायापाशी मुरू देऊ नये.

शेवटी पातळी पाहावी. दोन मीटर लांबीची ॲल्युमिनियमची सरळ पट्टी फरशीवर ठेवून तिच्याखाली फट किती दिसते ते बघावे. आजच्या दोन बाय दोन किंवा चार बाय दोन फुटी टाइल मोठ्या असतात, त्या खड्ड्यात वाकत नाहीत. दोन मीटरमागे 3 मिलिमीटरहून जास्त खोलगट असेल तर नवी टाइल बसवण्यापूर्वी तो भाग भरून पाणसळीत आणावा. टाइल चिकटवणाऱ्या ॲढेसिव्हच्या जाड थराने खड्डा भरत पुढे जाणे ही नेहमीची चूक आहे. जिथे थर जाड तिथे तो जास्त आक्रसतो आणि टाइलचा कोपरा खाली ओढला जातो.

उंची आणि वजन

नवी टाइल 9 मिलिमीटरची, तिच्याखाली ॲढेसिव्ह 4 ते 6 मिलिमीटर. म्हणजे जमीन सुमारे दीड सेंटिमीटरने वर येते. कागदावर हे क्षुल्लक वाटते, घरात तसे नसते.

दार आधी पाहावे. लाकडी दार खालून कापता येते, लोखंडी दाराला वेल्डर लागतो. फ्रिजच्या वरचा कप्पा आणि ओट्याखालचा सिलिंडरचा कप्पा मोजून घ्यावा. ओटाही दीड सेंटिमीटरने ठेंगणा होतो. ओसरीचा उतार बाहेरच्या बाजूलाच राहील हे आधी ठरवावे, नाहीतर पहिल्या वाऱ्या-पावसात पाणी घरात येते.

सगळ्यांत दुर्लक्षिली जाते ती जिन्याची पायरी. बैठकीची जमीन दीड सेंटिमीटरने वर आली की पहिली पायरी तेवढीच बुटकी होते. वरच्या मजल्याची जमीन वर आली की शेवटची पायरी तेवढीच उंच होते. माणसाचा पाय पहिल्या दोन पायऱ्यांत उंची शिकतो आणि पुढच्या न बघता चढतो. एकच पायरी वेगळी निघाली की ठेच लागते आणि रात्री, अंधारात, म्हातारे माणूस पडते. म्हणून जिन्याच्या पायऱ्यांवरही तेवढाच थर चढवावा, म्हणजे सगळ्या पायऱ्या सारख्या राहतात.

आता वजन. एक चौरस मीटर व्हिट्रिफाइड टाइल सुमारे 20 किलोची, ॲढेसिव्ह 4-5 किलो. एकूण चौरस मीटरला 25 किलो धरा. दहा बाय बाराच्या खोलीत म्हणजे 11 चौरस मीटरमध्ये पावणेतीनशे किलो भर पडते. भारतीय मानकानुसार राहत्या घराचा स्लॅब माणसे-सामानासाठी चौरस मीटरला सुमारे 200 किलो भार गृहीत धरून आखतात. धडधाकट आरसीसी स्लॅबला एक थर सहसा झेपतो. दुसऱ्या फरशीवर तिसरी मात्र घालू नये. सागवानी तुळया आणि कड्यांच्या जुन्या माळवदावर किंवा सळया उघड्या पडलेल्या स्लॅबवर एक थरसुद्धा अभियंत्याला दाखवल्याशिवाय चढवू नये.

आधी झाडू

20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीकडे नेले जात असताना वलगावजवळ, पेढी नदीपाशी, संत गाडगेबाबांनी देह ठेवला. अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावात जन्मलेल्या देबूजी जानोरकरांनी आयुष्यभर ज्या गावी कीर्तन, तिथे आधी खराटा चालवला. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री बोलायचे. वलगावातली त्यांची निर्वाणभूमी आजही लोकांना त्याच क्रमाची आठवण करून देते.

फरशीच्या कामातही हाच क्रम आहे. ॲढेसिव्ह ज्याला पहिल्यांदा भेटते त्यालाच चिकटते. जुन्या फरशीवर धूळ असेल तर ती धुळीला चिकटते, तेलकटपणा असेल तर तेलाला. स्वयंपाकघरात फोडणीचे तेल वर्षानुवर्षे हवेतून खाली बसते. पॉलिश, मेण, फिनेलचा थर, साबणाचा चिकट पापुद्रा हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून आधी गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून घासावे, दोनदा स्वच्छ पाण्याने धुवावे आणि पूर्ण वाळू द्यावे. वाळलेल्या फरशीवर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. थेंब गोळा होऊन उभा राहिला तर अजून मेण किंवा तेल आहे. पसरला तर फरशी तयार आहे. ॲसिडने धुण्याची घाई करू नये. ॲसिड तेल काढत नाही, उलट सांध्यांतले सिमेंट खाते आणि राहिलेला अंश नव्या थराला कमजोर करतो.

स्वच्छ झालेल्या चकचकीत मुलाम्याला मग पकड द्यायची. मिस्त्री भिंतीला गिलावा करण्याआधी टाचे मारतात तेच तत्त्व इथे आहे. फरक एवढाच की टाइलवर छिन्नीने टाचे मारले तर चांगली टाइल सुटते. त्याऐवजी ग्राइंडरला हिऱ्याचे चाक लावून वरचा मुलामा खरवडतात, किंवा बारीक वाळू मिसळलेला प्रायमर लावतात. तो वाळला की फरशी सॅण्डपेपरसारखी खरखरीत होते. खरवडताना उडणाऱ्या धुळीत बारीक सिलिका असते. ती फुप्फुसात साठून सिलिकोसिस होतो आणि झालेला सिलिकोसिस बरा होत नाही. मिस्त्रीच्या तोंडाला रुमाल पुरेसा नाही, नीट बसणारा एन-95 मास्क द्यावा आणि टाइल कापताना पाणी सोडावे. घर आपले सजते, फुप्फुस त्याचे झिजते. तेव्हा मास्कचा खर्च मालकाने करावा.

सिमेंट का चालत नाही

टाइलखाली सिमेंटचा घोळ ओतून ठोकायची सवय जुनी आहे. जुन्या सिरॅमिक टाइलच्या बाबतीत ती काही प्रमाणात चालून गेली, कारण त्या टाइलची पाठ पाणी शोषून घेई. पाण्याबरोबर सिमेंटचे बारीक कण छिद्रांत शिरत आणि तिथे त्यांचे स्फटिक वाढत. तीच पकड.

भारतीय मानक 15622 टाइलची वर्गवारी ती किती पाणी शोषते यावर करते. व्हिट्रिफाइड टाइल 0.5 टक्क्याहून जास्त पाणी शोषत नाही. दहा किलोची टाइल पाण्यात बुडवून ठेवली तरी 50 ग्रॅमहून जास्त पाणी पिणार नाही. फरशीवर फरशी बसवताना खाली काचेचा मुलामा आणि वर न पिणारी व्हिट्रिफाइड पाठ असते. मधल्या साध्या सिमेंटला दोन्हीकडे शिरायला छिद्रच मिळत नाही. ते वाळते, आक्रसते आणि दोन वर्षांत टाइल बद्द वाजू लागते.

म्हणून इथे पॉलिमर असलेले टाइल ॲढेसिव्हच लागते. त्यात सिमेंट असतेच, शिवाय पाण्यात विखरून पुन्हा पातळ पडदा धरणारी पॉलिमरची भुकटी असते. तो पडदा गुळगुळीत पृष्ठालाही धरतो आणि किंचित लवचीक राहतो. भारतात या मालासाठी मानक 15477 आहे. युरोपीय मानक 12004 मध्ये साध्या प्रतीने चौरस मिलिमीटरला 0.5 न्यूटन आणि वरच्या प्रतीने 1 न्यूटन ताण सोसावा लागतो. वरच्या प्रतीचे मोजमाप घरगुती भाषेत सांगायचे तर एक चौरस सेंटिमीटर जागेने सुमारे 10 किलोची ओढ सहन करायची. पोते घेताना किमतीआधी त्यावर जुन्या टाइलवर वापरण्याजोगे असे स्पष्ट छापले आहे का ते वाचावे. तसे नसेल तर ते पोते या कामाचे नाही. दहा बाय बाराच्या खोलीला 20 किलोची साधारण तीन पोती लागतात.

वापरताना चार गोष्टी पाळाव्यात. पाणी पोत्यावर लिहिल्याप्रमाणे मोजून घालावे. कालवल्यावर पाच मिनिटे ठेवून पुन्हा ढवळावे आणि घट्ट झाल्यावर वरून पाणी घालू नये. दातेरी करणीने एकाच दिशेने सरळ रेघा ओढाव्यात, चार कोपऱ्यांत गोळे ठेवून टाइल टेकवू नये, कारण गोळ्यांच्या मधे पोकळी राहते आणि तिथेच खाटेचा पाय येतो. शेवटची गोष्ट वऱ्हाडासाठी खास महत्त्वाची. पसरलेले ॲढेसिव्ह सर्वसाधारण हवेत वीसेक मिनिटे ओले राहते. मे महिन्यात अमरावती-अकोल्याचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो, पंखा आणि झळ चालू असते, तेव्हा त्यावर त्याआधीच साय धरते. बोट लावून पाहावे. बोटाला लागले तर टाइल ठेवावी, नाही लागले तर खरवडून ताजे पसरावे. काम सुरू असताना एखादी बसवलेली टाइल लगेच उचलून तिची पाठ पाहावी. किमान 80 टक्के भाग माखलेला हवा, न्हाणीत आणि ओसरीवर 95 टक्के.

फटीची किंमत

एखाद्या दुपारी बैठकीत अचानक कडकड आवाज होतो आणि दोन टाइल तंबूसारख्या वर येतात. लोक घाबरतात, जमिनीत काही हलले असे वाटते. कारण साधे आहे. टाइलना पसरायला जागा नव्हती.

उष्णतेने सगळेच पसरते. बारा मीटर लांब बैठक आणि तिला लागून असलेला बोळ धरा. जानेवारीच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत फरशीचे तापमान 25 अंशांनी वाढले तर एवढ्या लांबीत टाइल सुमारे 2 मिलिमीटर लांबते. भिंतीला भिडवून, सांधे न ठेवता बसवलेल्या टाइलना हे 2 मिलिमीटर कुठेच मिळत नाहीत. मग सगळ्यांत कमजोर चिकटलेल्या दोन टाइल सुटतात आणि उभ्या होतात. दोन फुटी, म्हणजे 600 मिलिमीटरच्या दोन टाइलचा तंबू 2 मिलिमीटरसाठी किती उंच होईल याचा हिशेब शाळेतल्या पायथागोरसाने करता येतो. उत्तर येते जवळपास साडेतीन सेंटिमीटर. न ठेवलेली फट सतरा पटीने वर उठते.

सांध्याविना अखंड दिसणाऱ्या फरशीची आवड म्हणूनच महागात पडते. दोन टाइलमध्ये 2 ते 3 मिलिमीटरचा सांधा प्लास्टिकचे स्पेसर लावून ठेवावा. चारही भिंतींशी 6 ते 8 मिलिमीटरची फट मोकळी सोडावी, वरून स्कर्टिंग तिला झाकते. ती फट सिमेंटने भरू नये, एवढे मिस्त्रीला आवर्जून सांगावे. लांब बैठकीत सात-आठ मीटरवर एक लवचीक सांधा द्यावा, ऊन थेट येणाऱ्या ओसरीत त्याहून जवळ. जुन्या फरशीत असा सांधा असेल तर नव्या फरशीतही त्याच्या नेमका वर तो यायला हवा. सांधे ग्राउटने भरायचे ते दुसऱ्या दिवशी, ॲढेसिव्ह धरल्यावर.

न्हाणी आणि इतर पर्याय

न्हाणीत एक पाऊल अधिक सावधपणे टाकावे. आधी जाळीचे तोंड बंद करून दोन-तीन सेंटिमीटर पाणी 24 तास कोंडावे. खालच्या छताला ओल आली किंवा पाणी उतरले, तर तिथे फरशीवर फरशी घालायचीच नाही. गळती झाकली म्हणजे थांबली असे होत नाही. गळती नसेल तर जाळी नव्या पातळीला वर घ्यावी, मीटरला किमान 1 सेंटिमीटर उतार द्यावा आणि टाइल खरखरीत पृष्ठाची निवडावी. ओल्या, गुळगुळीत न्हाणीत पडून खुब्याचे हाड मोडले की वृद्ध माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळते.

टाइलऐवजी विनाइल किंवा कडक एसपीसी (दगडी भुकटी मिसळलेल्या प्लास्टिकच्या) पट्ट्याही जुन्या फरशीवर टाकता येतात. त्या 4 ते 6 मिलिमीटर जाड असतात, त्यामुळे दारे आणि पायऱ्या कमी अडतात. त्याखाली जुने सांधे मात्र भरून सपाट करावे लागतात, नाहीतर काही महिन्यांत ते रेघांच्या रूपाने वर उमटतात. कडेला 8 ते 10 मिलिमीटर मोकळी जागा लागते, कारण प्लास्टिक टाइलहून कितीतरी जास्त पसरते. लाकडी भुशाचे लॅमिनेट फडके पिळून पुसणाऱ्या आपल्या घरात फुगते, ते टाळावे. आणि वऱ्हाडी उन्हाळ्यात दुपारी फरशी पुसून अंगाखाली काही न घेता पडायचे सुख टाइल आणि दगडच देतात. ते शरीराची उष्णता झपाट्याने ओढून घेतात, म्हणून गार लागतात.

उखडण्याआधी, झाकण्याआधी

जुनी फरशी पक्की असताना उगाच उखडण्याचीही किंमत असते. दहा बाय बाराच्या एका खोलीतून टाइल आणि खालचा दोन इंची मसाला मिळून सव्वा टनाहून जास्त राडा निघतो. बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्यासाठी केंद्र सरकारने 2016 मध्ये नियम केले. खेड्यात तो राडा बहुधा नाल्यात किंवा नदीकाठी जातो. ज्या पेढीकाठी गाडगेबाबांनी देह ठेवला, तिथे आपल्या बैठकीचे तुकडे पडू नयेत एवढी काळजी घरमालक घेऊ शकतो. पक्की फरशी जागेवर राहू देणे हा त्यातला सर्वांत सोपा मार्ग आहे.

घर स्थिरावलेले असावे, जुनी फरशी टणक वाजत असावी, वाढलेली उंची दाराला आणि जिन्याला सोसावी. या तिन्ही गोष्टी जुळल्या तर निश्चिंत मनाने फरशीवर फरशी घाला. एक जरी अडली तरी थांबा आणि आधी तिचे बघा. लग्नाची तारीख जवळ आली म्हणून पोकळ फरशी झाकू नका. दुकानात टाइल पसंत करायला निघण्याआधी खिशातले एक नाणे काढा आणि पायाखालची फरशी ठोकून पाहा.